जनरेटरवर ५, डीएसओवर १०, मल्टिमीटरवर साडेतीन: ॲम्प्लिट्यूड जुळत नसेल तर काय तपासायचं

"मॅडम, सात नंबरच्या टेबलावरचा डीएसओ बिघडलाय." डीएसओ म्हणजे सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारा डिजिटल ऑसिलोस्कोप. सांगलीतल्या आमच्या कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये हे वाक्य मी दर सत्रात दहा-बारा वेळा तरी ऐकते. सतरा वर्षं झाली. एवढ्या तक्रारींत डीएसओ खरोखर बिघडलेला निघाला तो मोजून चार-पाच वेळा. बाकी प्रत्येक वेळी उपकरण धडधाकट होतं आणि मुलांनी दोन वेगळ्या मापांचे आकडे शेजारी ठेवून ताडून बघितले होते. मार्केट यार्डात एका हळदीचा भाव क्विंटलवर आणि दुसरीचा पोत्यावर विचारून कुठली स्वस्त ते ठरवावं, तसं.

हा घोळ कॉलेजातच होतो असं नाही. कारखान्यातले मेंटेनन्सवाले, साउंडवाले, घरी ब्रेडबोर्ड घेऊन बसणारी मुलं, सगळ्यांचे फोन याच कारणासाठी येतात. म्हणून मी ज्या क्रमाने तपासते तो क्रम इथे लिहिते. सुरुवातीच्या तपासण्यांना एक पैसाही लागत नाही.

लक्षणं

यातलं एखादं तुमच्यासमोर असेल तर पुढे वाचा.

- फंक्शन जनरेटरवर (हव्या त्या आकाराची लहर तयार करणाऱ्या उपकरणावर) ५ व्होल्ट लावलेत, डीएसओ १० दाखवतो, मल्टिमीटर ३.५४.
- डीएसओचा आकडा अपेक्षेच्या बरोबर दहापट किंवा बरोबर दहावा हिस्सा येतो.
- १ किलोओम आणि १० किलोओम लावून १० गेनचा, म्हणजे सिग्नल दहापट करणारा, इन्व्हर्टिंग ॲम्प्लिफायर जोडला, पण गेन १९ येतो.
- साइनला मल्टिमीटर आणि डीएसओ जुळतात. स्क्वेअरला मल्टिमीटर जास्त दाखवतो, ट्रँगलला किंचित कमी.
- १ किलोहर्ट्झला सगळं छान जुळतं, फ्रिक्वेन्सी वाढवली की फाटे फुटतात.
- सिग्नल लहान असला की पीक-टू-पीकचा (वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचा) आकडा नाचत राहतो आणि हवा त्यापेक्षा मोठा येतो.
- त्याच दोन सिग्नलांमधला फरक एकाच्या जर्नलमध्ये ३ डीबी (डेसिबल), दुसऱ्याच्या जर्नलमध्ये ६.

कशालाही हात लावण्याआधी मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागा. भागाकार १.४१ किंवा २.८३ आला तर पीक (लहरीचं टोक) आणि आरएमएस (तेवढीच उष्णता देणाऱ्या डीसी व्होल्टेजचा आकडा) यांची गल्लत. १० आला तर प्रोब, म्हणजे सर्किटमधून डीएसओपर्यंत सिग्नल नेणारी टोकदार केबल. १.११ आला तर मल्टिमीटरची जात. २ आला तर दोन कारणं संभवतात: पीक विरुद्ध पीक-टू-पीक, नाहीतर जनरेटरचं लोड सेटिंग. खरा बिघाड असा गोल आकडा सहसा देत नाही. बिघडलेलं उपकरण १.३७ किंवा ०.८२ असलं काहीतरी देतं आणि गरम झालं की तोही आकडा बदलतो. मुलांना मी आधी हा भागाकार करायला लावते, कारण निम्म्या तक्रारी तिथेच सुटतात.

कुठलं ॲम्प्लिट्यूड, ते आधी लिहा

बारावीच्या पुस्तकात आयाम म्हणजे मध्यस्थितीपासूनचं जास्तीत जास्त विस्थापन, म्हणजे पीक. बहुतेक फंक्शन जनरेटरवर 'ॲम्पल' असं लिहिलेलं असतं तिथे पीक-टू-पीक अपेक्षित असतं, म्हणजे त्याच्या दुप्पट. डीएसओच्या मेजर मेनूतलं 'ॲम्प्लिट्यूड' म्हणजे लहरीचा वरचा ठरलेला स्तर वजा खालचा स्तर. स्क्वेअर वेव्हच्या कडेला उसळी असेल तर ती त्यात धरत नाहीत, पीक-टू-पीकमध्ये धरतात. मल्टिमीटर आणखी चौथंच सांगतो: आरएमएस. शब्द एक आणि अर्थ चार, मग विद्यार्थ्यांची चूक तरी काय म्हणायची?

साइनसाठी हिशेब सोपा आहे. पीकला १.४१४ ने भागलं की आरएमएस, पीक-टू-पीकला २.८२८ ने भागलं की आरएमएस. घरातले २३० व्होल्ट हे आरएमएस आहेत. त्याच तारेवर पीक ३२५ व्होल्ट असतं आणि पीक-टू-पीक ६५०. शेगडी किती तापेल ते २३० वरून ठरतं, पण कपॅसिटर किंवा डायोड टिकेल का ते ३२५ वरून बघावं लागतं. कुठला आकडा घ्यायचा हे कामावर अवलंबून असतं.

माझ्या लॅबमध्ये नुसतं 'व्होल्ट' लिहिलेलं रीडिंग मी सही करून देत नाही. पीक, पीक-टू-पीक की आरएमएस ते पुढे हवंच. मुलं कुरकुरतात, पण मी ऐकत नाही.

प्रोबवरची सरकपट्टी आणि चॅनलचा मेनू

प्रोबच्या दांड्यावर १एक्स आणि १०एक्स अशी छोटी सरकपट्टी असते. १०एक्सवर प्रोब सिग्नलचा दहावा हिस्साच आत पाठवतो, आणि चॅनलच्या मेनूत १०एक्स सांगितलं असेल तरच डीएसओ तो परत दहाने गुणतो. या दोन ठिकाणी एकच गोष्ट सांगितलेली नसली की दहापटीचा घोळ होतो. स्वस्तातले प्रोब आपलं सेटिंग डीएसओला कळवत नाहीत, माणसालाच बघावं लागतं. ही पट्टी प्रोब खिशात कोंबताना किंवा वायरी आवरताना आपोआप सरकते, त्यामुळे 'काल बरोबर होतं' हा पुरावा धरू नका.

लगेच करता येईल अशी परीक्षा: दोन्ही प्रोब डीएसओच्या पुढच्या बाजूच्या कॅलिब्रेशनच्या हुकाला लावा. १ किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह दोन्ही चॅनलवर सारख्याच उंचीची दिसली पाहिजे. दिसली नाही तर प्रोबांची अदलाबदल करा. फरक प्रोबबरोबर दुसऱ्या चॅनलवर गेला तर दोष प्रोबचा, जागच्या जागी राहिला तर चॅनलचा किंवा त्याच्या सेटिंगचा.

जुना सीआरओ (काचेच्या ट्यूबचा ऑसिलोस्कोप) वापरत असाल तर व्होल्ट-पर-डिव्हिजनच्या नॉबवर बसवलेला छोटा व्हेरिएबल नॉब बघा. तो 'कॅल'च्या खटक्यात नसेल तर पडद्यावरच्या चौकटी मोजण्यात काही अर्थ नाही.

जनरेटरचं लोड सेटिंग

यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त तास इथेच वाया गेलेले मी पाहिलेत.

फंक्शन जनरेटरच्या आत, आउटपुटच्या आधी, ५० ओमचा रेझिस्टन्स असतो. जनरेटर असं गृहीत धरतो की समोरच्यानेही ५० ओमचाच लोड लावला असेल. मग व्होल्टेज दोघांत निम्मंनिम्मं वाटलं जातं. पडद्यावर ५ दिसावेत म्हणून तो आत १० तयार करतो. डीएसओचा इनपुट मात्र १ मेगाओमचा असतो. त्याच्यापुढे ५० ओम म्हणजे काहीच नाही, त्यामुळे आतले १० जवळजवळ अख्खे बाहेर येतात.

आता पहिलं लक्षण उलगडतं. ५ पीक-टू-पीक लावले, लोड नसल्यामुळे प्रत्यक्षात १० आले, आणि १० ला २.८२८ ने भागलं की ३.५४. तिन्ही उपकरणं खरं बोलत होती.

उपाय: युटिलिटी किंवा आउटपुटच्या मेनूत 'लोड' शोधा आणि हाय-झेड (लोड जवळजवळ नाहीच, असं सेटिंग) करा. आत सिग्नल तोच राहतो, जनरेटर फक्त आपला आकडा दुरुस्त करून दाखवतो. काही मेगाहर्ट्झच्या वर काम असेल तर मात्र सेटिंग ५० ओमच ठेवा आणि केबलच्या डीएसओकडच्या टोकाला ५० ओमचं टर्मिनेशन, म्हणजे तेवढा रेझिस्टन्स, बसवा, नाहीतर केबलमधून लहर परत उसळते आणि ॲम्प्लिट्यूड केबलच्या लांबीवर अवलंबून राहायला लागतं.

गेन १९ चं कोडंही इथलंच. मुलांनी इनपुट मोजलंच नव्हतं, जनरेटरच्या पडद्यावरचे १०० मिलिव्होल्ट तसेच जर्नलमध्ये उतरवले होते. आत होते २०० मिलिव्होल्ट. ॲम्प्लिफायरचा इनपुट रेझिस्टन्स १ किलोओम, त्याच्याआधी ५० ओम, म्हणून इनपुटला प्रत्यक्षात पोचले साधारण १९०. दहापट होऊन बाहेर आले १.९ व्होल्ट. त्याला १०० मिलिव्होल्टने भागलं की १९. ॲम्प्लिफायर अगदी बरोबर चालला होता. त्या बॅचने ऑप-ॲम्पच्या तीन आयसी बदलून बघितल्या होत्या. गेन काढताना इनपुट आणि आउटपुट दोन्ही डीएसओवर, एकाच वेळी, सर्किटच्या पिनेवर मोजा. जनरेटरचा आकडा ही फक्त मागणी आहे, माप नव्हे.

पडदा नीट भरलाय का?

साधा डीएसओ ८ बिटचा असतो, म्हणजे पडद्याची पूर्ण उंची २५६ पायऱ्यांत विभागलेली. लहर एकाच चौकटीत चेपलेली असेल तर तिच्या वाट्याला तीसेक पायऱ्या येतात आणि एका पायरीची चूकच तीन टक्क्यांची होते. लहर पडद्याच्या निदान पाऊण उंचीला भरेल असं व्होल्ट-पर-डिव्हिजन ठेवा. पण ती वरखाली कापली जाऊ देऊ नका, कापलेल्या लहरीचं माप खोटंच येतं. आडव्या दिशेला तीन-चार पूर्ण लहरी दिसू द्या. अर्धवट लहरीवर काढलेला आरएमएस भलताच येऊ शकतो.

कपलिंग बघा. एसी कपलिंगवर डीसी भाग गाळला जातो, आणि १० हर्ट्झच्या आसपास व खाली खरा सिग्नलही बारीक होतो. ईसीजी किंवा कंपनांचे मंद सिग्नल बघणारे इथे फसतात. त्यांनी डीसी कपलिंगच ठेवावं.

पीक-टू-पीक नाचत असेल तर समजा की डीएसओ लहरीच्या टोकावर बसलेला सगळ्यात उंच नॉइजचा काटा मोजतोय. सिग्नल सारखा परत परत येणारा असेल तर अक्विझिशनमध्ये ॲव्हरेज १६ किंवा ६४ लावा. एकदाच येऊन जाणाऱ्या सिग्नलला हा उपाय चालत नाही. लहान सिग्नलांची तुलना करायची तर मी पीकपेक्षा आरएमएसवर जास्त विश्वास ठेवते.

मल्टिमीटरची जात

स्वस्त मल्टिमीटर आरएमएस मोजत नाही. तो लहर सरळ करून सरासरी काढतो आणि तिला १.११ ने गुणतो. हा गुणक फक्त साइनला लागू पडतो. म्हणून ५ पीक-टू-पीक स्क्वेअर वेव्हचं खरं आरएमएस २.५० असताना तो २.७८ दाखवतो, आणि ट्रँगलचं १.४४ असताना १.३९. मीटरवर 'ट्रू आरएमएस' छापलेलं नसेल तर साइन सोडून दुसऱ्या कुठल्याही लहरीसाठी त्याचा आकडा जर्नलमध्ये उतरवू नका.

आमचा एक माजी विद्यार्थी कुपवाडच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. मोटरच्या व्हीएफडीला (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हला) जाणाऱ्या केबलवर त्याला एका क्लॅम्प मीटरने १२ अँपिअर मिळाले आणि दुसऱ्याने ८. त्याने ८ वाला खरा धरला, कारण तो जास्त महाग होता. ड्राइव्ह लाइनमधून करंट साइनसारखा ओढत नाही, टोकदार झटक्यांत ओढतो, आणि अशा लहरीवर सरासरीवाला मीटर तीस-चाळीस टक्के कमी दाखवू शकतो. केबल तापत होती ती १२ अँपिअरने. मला वाटतं, या यादीत माणसाच्या जिवाशी आणि मालाशी सगळ्यात जास्त संबंध असलेली चूक हीच आहे.

फ्रिक्वेन्सीचंही बघा. साध्या हातातल्या मीटरची हमी कित्येकदा ४०० हर्ट्झ ते १ किलोहर्ट्झपर्यंतच असते. त्यापुढे तो चूक होतेय असं कळवत नाही, फक्त हळूहळू कमी दाखवत जातो.

१ किलोहर्ट्झला ठीक, वर गेलं की बिघाड

आधी चॅनलच्या मेनूत 'बीडब्ल्यू लिमिट' (बँडविड्थची मर्यादा) चालू आहे का बघा. ते २० मेगाहर्ट्झच्या वरचं कापतं.

मग प्रोबचं कॉम्पेन्सेशन. कॅलिब्रेशनच्या हुकावर १०एक्सने स्क्वेअर वेव्ह बघा. कोपरे गोलावले किंवा टोकाला शिंग आलं तर प्रोबवरचा बारीक स्क्रू प्लॅस्टिकच्या पेचकसाने फिरवून माथा सपाट करा. लोखंडी पेचकसाच्या स्पर्शानेच कपॅसिटन्स बदलतो. प्रोब एका डीएसओवरून काढून दुसऱ्यावर लावला की हे पुन्हा करावं लागतं. हे बिघडलेलं असलं की कमी फ्रिक्वेन्सीला सगळं बरोबर आणि काही किलोहर्ट्झच्या वर सगळं चूक येतं, आणि दोष सर्किटवर जातो.

नंतर प्रोबचा स्वतःचा भार. १एक्सवर प्रोब आणि केबल मिळून सुमारे १०० पिकोफॅरड सर्किटवर चढवतात. १०० किलोहर्ट्झला ते १६ किलोओमच्या लोडसारखं वागतं. नाजूक सर्किटमध्ये तुम्ही मोजायला गेल्यामुळेच सिग्नल खाली बसतो. १०एक्सवर हा भार दहा-पंधरा पिकोफॅरडवर येतो. मी तर १एक्स फक्त अगदी बारीक, मंद सिग्नलांसाठीच वापरते.

शेवटी बँडविड्थ. ५० मेगाहर्ट्झचा डीएसओ ५० मेगाहर्ट्झला सिग्नलचा ७०.७ टक्केच भाग दाखवतो, बँडविड्थची व्याख्याच तशी आहे. चूक दोन टक्क्यांच्या आत हवी असेल तर डीएसओची बँडविड्थ सिग्नलच्या पाचपट पाहिजे. इथे उपाय खर्चाचा आहे, म्हणून तो शेवटी.

डीबी

व्होल्टेजच्या गुणोत्तराला २० लॉग, पॉवरच्या गुणोत्तराला १० लॉग. दुप्पट व्होल्टेज म्हणजे ६ डीबी, दुप्पट पॉवर म्हणजे ३. सातवं लक्षण एवढ्यानेच मिटतं. दोन ठिकाणचे रेझिस्टन्स वेगळे असतील तर मात्र व्होल्टेजच्या डीबीवरून पॉवरबद्दल बोलू नका. ० डीबीएम (१ मिलिवॅट पॉवर) म्हणजे ५० ओमवर ०.२२४ व्होल्ट आणि ६०० ओमवर ०.७७५ व्होल्ट, दोन्ही आरएमएस.

लॉगच्या मापाबद्दल मुलांना सांगताना मी कोयनेचंच उदाहरण घेते. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाबद्दल सातारा-सांगलीकडे घरोघरी ऐकलेलं असतं. रिश्टरने १९३५ मध्ये माप ठरवलं तेव्हा नुसतं 'लहर किती मोठी' असं विचारलं नाही. एका ठरावीक बनावटीचं भूकंपमापक, केंद्रापासून १०० किलोमीटर, आणि कागदावर १ मिलिमीटर लहर, तर तीव्रता ३. उपकरण आणि अंतर दोन्ही बांधून घेतली, म्हणून वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी एका रांगेत लावता आल्या. तीव्रता एकने वाढली की त्याच अंतरावर लहर दहापट. ३ आणि ६ मध्ये फरक दुपटीचा नाही, हजारपटीचा आहे.

अंतराचं हेच बंधन आवाजालाही लागतं. मिरजेतल्या एका तंबोरा करणाऱ्या घरातला मुलगा आमच्याकडे शिकायला होता. दोन भोपळ्यांपैकी कुठला जास्त बोलतो ते त्याला मोजून हवं होतं. मोबाइलवर दोन्ही रेकॉर्ड केले, लहरी सारख्याच उंचीच्या आल्या. त्याच्या वडिलांना कानाने फरक स्पष्ट कळत होता. त्यांचा कान बरोबर होता. मोबाइल बारीक आवाज आपोआप उचलतो आणि मोठा दाबतो, त्यामुळे तुलनाच पुसली गेली होती. मग गेन हाताने बांधता येणारा रेकॉर्डर घेतला, माइक एकाच स्टँडवर, घोडीपासून एकाच अंतरावर ठेवला. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं तरी ६ डीबीचा फरक पडतो, म्हणून फरशीवर खडूने खूण केली. तार छेडल्याक्षणीचं पीक सोडून दिलं, कारण ते बोटाच्या जोरावर ठरतं, आणि पुढच्या दोन सेकंदांचा आरएमएस घेतला. प्रत्येक तंबोऱ्याचे वीस-वीस ठोके. फरक तेव्हा दिसला.

इथे थांबा

घरच्या लाइनवर साधा प्रोब लावू नका. डीएसओचा ग्राउंड क्लिप थेट अर्थिंगला जोडलेला असतो, तो फेजला लागला की शॉर्ट होतो. त्यावर उपाय म्हणून डीएसओच्या प्लगची अर्थपिन काढणारे लोक मी पाहिलेत. तसं केल्यावर डीएसओच्या धातूच्या भागांवर २३० व्होल्ट उभे राहतात. हे कधीही करू नका. डिफरन्शियल प्रोब (अर्थिंगला न जोडता दोन टोकांमधला फरक मोजणारा) असलेल्या आणि तो वापरता येणाऱ्या माणसाला बोलवा. व्हीएफडी, एसएमपीएस, इन्व्हर्टर, सगळ्यांना हाच नियम.

जनरेटर हाय-झेडवर मोकळा ठेवून आकडा बरोबर येतो, पण ५० ओम लावल्यावर निम्म्याच्या पुष्कळ खाली जातो, तर आउटपुट स्टेज गेलेली आहे. ब्रेडबोर्डचा १२ व्होल्ट सप्लाय चुकून जनरेटरच्या आउटपुटला लागला की असं होतं. ते काम दुरुस्तीवाल्याचं.

डीएसओ अर्धा तास चालू ठेवून, सगळे प्रोब काढून, मेनूतलं सेल्फ-कॅल एकदा चालवा. त्यानंतरही दोन चॅनलांत माहितीपत्रकातल्या मर्यादेपेक्षा, म्हणजे साधारण ३ टक्क्यांपेक्षा, जास्त चूक राहिली तर झाकण न उघडता एनएबीएलची मान्यता असलेल्या कॅलिब्रेशन लॅबकडे पाठवा. जुन्या सीआरओचं झाकण तर मुळीच उघडू नका. त्याच्या ट्यूबला काही हजार व्होल्ट लागतात आणि स्विच बंद केल्यावरही ते आत शिल्लक असू शकतात.

पाठवताना उपकरणाला एक चिठ्ठी चिकटवा. 'रीडिंग चुकतंय' एवढंच लिहिलेलं असलं की समोरचा पहिल्यापासून सुरुवात करतो आणि त्याचे पैसे आपण भरतो. गेल्या वर्षी मी एका जनरेटरवर लावलेली चिठ्ठी अशी होती:

"चॅनल १. साइन, १ किलोहर्ट्झ, सेट ५.०० पीक-टू-पीक, लोड सेटिंग ५० ओम. टर्मिनेशनशिवाय डीएसओवर ९.९६, ५० ओम टर्मिनेशन लावून ३.१०. तेच टर्मिनेशन आणि तीच केबल चॅनल २ वर लावून ४.९८. प्रोब वापरलेला नाही. अर्ध्या तासाने पुन्हा मोजलं, चॅनल १ वर २.८७."